मोकळ्या जागेचा हिशोब

हल्ली पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, "एडास आहे का?" म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा गाडीत आहेत का? पूर्वी हा मान "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नाचा होता. पेट्रोल वाचवण्यावरून आपण जीव वाचवण्यावर आलो, असं समजून मला सुरुवातीला बरंच वाटलं होतं. मग आमचीच गाडी घ्यायची वेळ आली. शोरूममधला मुलगा माझ्या नवऱ्याला म्हणाला, "सर, एक्स्प्रेसवेला लागलात की हे बटण दाबायचं आणि निवांत." निवांत म्हणजे कसं, ते दाखवायला त्याने दोन्ही हात डोक्यामागे नेऊन खुर्चीत अंग सोडलं. मी विचारलं, "आणि कर्वे रोडला?" तो हसला. "मॅडम, सिटीत बंद ठेवा. सगळेच बंद ठेवतात."

पुढचं सगळं लिखाण खरं तर त्याच्या या उत्तरांवरच आहे.

एडास ही एक वस्तू नाही. ड्रायव्हरला मदत करणाऱ्या दहा-बारा वेगवेगळ्या यंत्रणा एका नावाखाली बांधून विकल्या जातात. पुढची गाडी अचानक थांबली आणि आपला पाय हलला नाही, तर स्वतः ब्रेक मारणारी एक. इंडिकेटर न देता लेन सोडली तर स्टिअरिंगला हलकासा ओढा देणारी दुसरी. मागून बाजूला कुणी आलं की आरशात पिवळा दिवा लावणारी तिसरी. पुढच्या गाडीशी ठरावीक अंतर राखत आपणच वेग कमी-जास्त करणारी चौथी. आपल्याकडे २०२०-२१ च्या सुमाराला ही मंडळी महागड्या गाड्यांतून उतरायला लागली आणि आता मध्यम किमतीच्या गाडीतही दिसतात. शोरूममध्ये "लेव्हल टू" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. शून्य ते पाच अशा या पायऱ्या आहेत आणि दुसऱ्या पायरीवर गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळत असली, तरी रस्त्याकडे सतत बघायची जबाबदारी पूर्णपणे माणसाचीच असते. हे मात्र बारीक अक्षरात, हातमोज्यांच्या कप्प्यात ठेवलेल्या जाड पुस्तकात असतं. त्या कप्प्यात पुण्यात कुणी हातमोजे ठेवत नाही आणि ते पुस्तकही कुणी उघडत नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा चाकणच्या बाजूला याच कामात आहे. यंत्रणा गाडीत बसवायची, रस्त्यावर न्यायची, ती कुठे चुकते ते लिहून आणायचं. त्याला जेवायला बोलावलं की भाजीपेक्षा माझे प्रश्न जास्त असतात. त्याने समजावलं ते असं. समोरच्या काचेला, आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. बंपरच्या आत रडार असतं, ते ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळतं, पण किती लांब आहे ते नीट कळत नाही. रडारला अंतर आणि वेग अचूक कळतो, पण ती म्हैस आहे की मोटारसायकल, हे धड सांगता येत नाही. दोघांचं एकमत झालं की गाडी कृती करते.

"आणि एकमत झालं नाही तर?"

"तर मावशी, गाडी थोडा वेळ विचार करते. तेवढ्यात शंभरच्या स्पीडला तीस मीटर जातात."

रडारची एक अडचण मला फार महत्त्वाची वाटली. आपण ऐंशीने चाललो असलो की रस्त्यावरची कमान, कडेचं लोखंडी कठडं, गटाराचं झाकण आणि समोर उभा राहिलेला ट्रक, या सगळ्या गोष्टी रडारला सारख्याच, म्हणजे ऐंशीच्याच वेगाने आपल्याकडे येताना दिसतात. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालणारच नाही. म्हणून स्थिर वस्तूंवरून परत येणाऱ्या बऱ्याचशा लहरी यंत्रणा बाजूला टाकते आणि कॅमेऱ्याने खात्री दिली तरच मनावर घेते. चालत्या गाडीमागे चालताना ही यंत्रणा हुशार असते. वेगात असताना समोर थांबलेली गाडी ही तिची दुबळी बाजू आहे. आता आपल्या महामार्गांवर रात्री काय उभं असतं? पंक्चर झालेला ट्रक. मागचे दिवे गेलेले, आणि इशारा म्हणून मागे दोन दगड आणि खोचलेली झाडाची फांदी. फांदीचा अर्थ आपल्याला लांबूनच कळतो. परदेशातल्या रस्त्यांवर शिकलेल्या कॅमेऱ्याला तो कुणी शिकवला असेल का, मला शंका आहे. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "आता शिकवतोय."

एवढं असूनही माझं मत यंत्राच्या बाजूने आहे, निदान त्यातल्या काहींच्या. वाकडजवळ एकदा मी नवऱ्याच्या शेजारी बसले होते. पुढच्या टेम्पोने रिक्षा थांबवावी तसा मधल्या लेनमध्ये ब्रेक मारला, आणि आमच्या दोघांपैकी कुणी "अरे" म्हणायच्या आत गाडी स्वतः थांबली होती. पट्टा छातीत रुतला, डॅशबोर्डवर लाल चित्र चमकलं, मागच्याने हॉर्न वाजवून आमच्या खानदानाचा उद्धार केला. पण टेम्पो आणि आमच्यामध्ये जागा उरली होती. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था अपघातांच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासते. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या पुढच्या गाडीवर मागून आदळण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होतं, असं तिथे दिसलं आहे. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत ही यंत्रणा असावीच लागते, आणि अमेरिकेने सप्टेंबर २०२९ ची मुदत घातली आहे. हा काही दिखाव्याचा मामला नाही.

मग शोरूममधल्या त्या निवांतपणाशी माझं भांडण कशाचं?

त्यासाठी म्युनिकच्या टॅक्सींकडे जावं लागेल. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, १९७८ मध्ये बाजारात आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला म्युनिकमधल्या एका टॅक्सी कंपनीच्या ताफ्यात काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं. बाकी सगळं सारखं. संशोधकांनी दोन्हींचे अपघात मोजले, तर फारसा फरक सापडला नाही. मग ओळख न देता प्रवासी म्हणून निरीक्षक बसवले. एबीएसवाले ड्रायव्हर वळणं जास्त जोरात घेत होते, लेन कमी सांभाळत होते, दुसऱ्यांच्या आड जास्त येत होते. ब्रेक चांगला आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तो त्यांनी वापरून टाकला. कॅनडातल्या जेराल्ड वाइल्ड या मानसशास्त्रज्ञाने यावर सबंध सिद्धांत मांडला: माणूस मनात ठरावीक धोका पत्करायला तयार असतो, आणि धोका कमी करून दिला की तो वेग वाढवून पुन्हा तेवढ्यावर आणतो. दिवाळीचा बोनस हातात आला की तो शिल्लक कुठे पडतो, तसंच हे.

वाइल्डचं सगळं मला पटत नाही. एबीएसनंतर, १९९५ मध्ये, ईएससी आलं. गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ करणारी यंत्रणा. तिने मात्र फायदा गिळंकृत होऊ दिला नाही. दुसऱ्या कुणाशी टक्कर न होता एकट्याच गाडीच्या होणाऱ्या जीवघेण्या अपघातांचा धोका तिने जवळपास निम्म्यावर आणला. एकाची बचत खर्च झाली आणि दुसऱ्याची झाली नाही, असं का? माझ्यापुरतं उत्तर हे आहे की ईएससी रोज जाणवत नाही. ती आहे हे बहुतेकांना ठाऊकही नसतं, ती जागी होते तेव्हा आपण आधीच घसरलेले असतो. जे हाताला लागत नाही ते उधळता येत नाही. एबीएसचा ब्रेक रोज पायाखाली होता.

या कसोटीवर एडासची मोळी सोडून पाहिली की तिचे दोन ढीग पडतात. आपोआप लागणारा ब्रेक महिनोन्‌महिने गप्प असतो आणि संकटात एकदाच पुढे येतो. तो पहिल्या ढिगातला. वेग आणि लेन स्वतः सांभाळणारी जोडी मात्र क्षणोक्षणी जाणवते. पायाला विश्रांती मिळाली, हाताला मिळाली, हे शरीराला लगेच कळतं, आणि ती विश्रांती कुठे खर्च करायची हेही ठरलेलं असतं. मोबाइलवर. २०२४ मध्ये याच आयआयएचएसने म्हटलं की अशी अर्धवट स्वयंचलित यंत्रणा अपघात कमी करते याचा पटण्यासारखा पुरावा नाही. ती सोयीची गोष्ट आहे, सुरक्षिततेची म्हणून तिच्याकडे पाहू नये. शोरूममधला मुलगा विकत होता ती नेमकी ही जोडी. ब्रेकबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता.

एक्स्प्रेसवेवर दुपारचं जेवण झाल्यावर, तळेगाव मागे टाकलं की हे प्रत्यक्ष पाहता येतं. रस्ता सरळ, गाडी शांत, स्टिअरिंग आपणहून इकडे-तिकडे होतंय. ड्रायव्हरला काम काय, तर काहीच न करता लक्ष देणं. याहून अवघड काम माणसाला देता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे तासन्‌तास बघणाऱ्यांच्या नजरेतून ठिपके निसटायचे. नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने त्यावर प्रयोग केले आणि १९४८ मध्ये दाखवलं की अशी पहारेदारी पहिल्या अर्ध्या तासातच ढिली पडते. ते आळशी नव्हते, प्रशिक्षित लोक होते. पुढे १९८३ मध्ये लिझॅन बेनब्रिज या बाईंनी कारखाने आणि नियंत्रण कक्षांबद्दल एक छोटा निबंध लिहिला. सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे फक्त अवघड काम उरतं, आणि सोपं काम सुटल्यामुळे अवघड कामाचा सरावही जातो, हा त्यांचा मुद्दा. त्या कारबद्दल बोलत नव्हत्या. पण खंडाळ्याच्या वळणावर धुकं उतरतं आणि पडद्यावर कॅमेरा तात्पुरता बंद असल्याची सूचना येते, तेव्हा मला त्यांचीच आठवण येते. आपल्याला दिसेनासं झालं की त्यालाही दिसेनासं होतं, आणि नेमक्या त्या वेळी गाडी आपल्या हातात परत येते.

२०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी शहरात उबरची स्वयंचलित गाडी चाचणीला निघाली होती. रात्रीची वेळ, एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. गाडीला ती पाच सेकंदांहून अधिक आधी दिसली होती. पण ही गाडी आहे, की अनोळखी वस्तू, की सायकल, यात यंत्राचं मत बदलत राहिलं. देखरेखीला बसवलेली ड्रायव्हर फोनकडे बघत होती. ती बाई गेली. तिच्या सायकलच्या हँडलला पिशव्या अडकवलेल्या होत्या, असं वाचल्यावर मला आपल्याकडच्या रस्त्यांवरचे लोक दिसायला लागले. हातगाडी, डोक्यावर भारा, एका सायकलवर सहा कॅन, भर रस्त्यातून चाललेली पालखी. ते यंत्राला काय दिसत असतील?

आपला स्वभावही या हिशोबात धरायला हवा. १ जुलै २०१९ पासून आपल्या नव्या गाड्यांना ऐंशीच्या पुढे टुणटुण आणि एकशेवीसच्या पुढे अखंड टुणटुण करावी लागते, आणि पुढच्या सीटवर पट्टा न लावल्याचा इशाराही. यावर आपण काय केलं? पट्ट्याच्या खाचेत घालायची लोखंडी क्लिप विकत घेतली, म्हणजे गाडी गप्प बसते आणि आपल्याला पट्टाही लावावा लागत नाही. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढायला लावल्या, तेव्हा १३,११८ जाहिराती खाली उतरल्या. एका क्लिपेवर देवाचं चित्रही होतं म्हणे. मी पाहिलेलं नाही, पण अविश्वास वाटत नाही. लेन सांभाळण्याच्या बाबतीत स्टिअरिंगवर हात आहे की नाही ते गाडी तपासते, तर त्यालाही पाण्याची बाटली लटकवून फसवणारे व्हिडिओ फिरतात. हेल्मेटला जिथे कृती समिती काढून विरोध होतो त्या शहराला हे नवं नाही.

आणि आता अंतराबद्दल, कारण माझ्या मते सगळा खेळ तिथे आहे. ताशी शंभरने गाडी एका सेकंदात सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, बेचाळीस मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर. पुढची गाडीही थांबताना काही अंतर घेते, म्हणून एवढं सगळं मोकळं ठेवावं लागत नाही, पण दोन सेकंद तरी हवेतच. आमच्या गाडीत अंतराच्या रेषा असतात, बटणाने कमी-जास्त करता येतात. मी सगळ्यात लांबचं ठेवते. पनवेलकडे जाताना समोर मोकळी जागा पडते, आणि त्या जागेत डावीकडून एक गाडी शिरते. आमची गाडी नाराज न होता वेग कमी करून पुन्हा अंतर तयार करते. त्यात दुसरी शिरते. नवरा म्हणतो, "अगं, आपण मागे मागे चाललोय." मी म्हणते, "चालू दे." त्याने गाडी घेतली की पहिलं काम, अंतर सगळ्यात कमी. त्याचं म्हणणं असं की मोकळी जागा सोडणं म्हणजे लोकांना आमंत्रण, आणि घुसणाऱ्यामुळे आणखी ब्रेक, म्हणजे आणखी धोका. त्यात तथ्य नाही असं नाही. यंत्राला जी जागा सुरक्षित वाटते ती आपल्याकडे रिकामी समजली जाते आणि रिकामी जागा पुणेकर सोडत नाही, मग ती लक्ष्मी रोडवरची असो की मंगल कार्यालयातल्या पंगतीतली.

कर्वे रोडवर तर दोन गाड्यांमधली जागा मोटारींची नसतेच. ती दुचाक्यांची असते. मी स्वतः आठवड्यातले बरेच दिवस स्कूटरवर असते, आणि त्या बाजूने पाहिलं की चित्र एकदम उलटं दिसतं. मोटारींच्या फटीतून वाट काढताना मी पुढच्या ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात शोधते. त्याने मला पाहिलं की नाही, तो डावीकडे कापणार की नाही, हे मानेच्या हालचालीवरून ठरवते. मध्ये मी घुसले तर तो शिव्या देईल, पण थोडा पाय सैल करेल, हे गृहीत असतं. आता त्या गाडीने स्वतःच कचकन ब्रेक मारला तर? मागे असलेल्या स्कूटरला ना रडार आहे ना कॅमेरा, तिला फक्त मी आहे. भाचा म्हणाला की शहरातल्या कमी वेगातल्या ब्रेकची संवेदनशीलता भारतासाठी कमी करावी लागते ती याचसाठी. नाहीतर सिग्नलवर दर तिसऱ्या मिनिटाला गाडी दचकेल आणि मालक ती यंत्रणा कायमची बंद करून टाकेल. शोरूमच्या मुलाचं "सगळेच बंद ठेवतात" म्हणजे हेच.

केंद्र सरकारच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे दर पाचांतले तीन जण मोटारीबाहेरचे. मोटारीतली माणसं त्या मानाने थोडी. म्हणून आतल्यांना किती सुरक्षित वाटतं यावरून एडासला गुण देणं मला पटत नाही, बाहेरचे किती वाचले ते विचारायला हवं. तिथलं उत्तर मिश्र आहे. पादचारी ओळखणाऱ्या ब्रेकमुळे माणसांना धडकण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी घटलं, असं आयआयएचएसने २०२२ मध्ये सांगितलं. पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक दिसला नाही. बाह्यवळणावर वारज्यापासून वडगावपर्यंत जे लोक अंधारात दुभाजक ओलांडून बससाठी पलीकडे जातात, त्यांच्यासाठी हे वाक्य फार जड आहे. नंतर २०२५ च्या सुरुवातीला त्याच संस्थेने आणखी एक विचित्र गोष्ट दाखवली. रात्री चमकणाऱ्या पट्ट्या लावलेला पुतळा रस्ता ओलांडताना ठेवला, तर तीनपैकी दोन मॉडेलच्या गाड्या बहुतेक वेळा न थांबता त्याला धडकल्या. रस्त्याचं काम करणारे मजूर आणि झाडूवाल्या मावश्या नेमक्या त्याच पट्ट्या घालतात, ड्रायव्हरला दिसावं म्हणून. माणसाला दिसण्यासाठी केलेली सोय यंत्राच्या डोळ्यात गेली. दिव्याचे खांब चालू ठेवणं हे स्वस्त काम महापालिकेने आणि महामार्गवाल्यांनी आधी केलं, तर गाडीतल्या कॅमेऱ्यालाही बरं पडेल, एवढंच मी म्हणेन.

पण पुण्यातल्या रस्त्यांचं बोलायचं आणि नवले पुलाचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की रस्ता लांबलचक उताराने नऱ्हे, नवले पुलाकडे येतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तिथे ४८ गाड्यांना ठोकरलं. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून दिली होती, असं सुरुवातीच्या तपासात पुढे आलं. नंतरही तिथे मोठे अपघात होत राहिले. मोटारीत बसलेला माणूस तिथे कितीही दक्ष असो आणि त्याच्या गाडीत कितीही रडार असोत, मागून उतारावरून पंचवीस-तीस टनांचं धूड आलं तर त्याच्या हातात काय आहे?

आमच्या सोसायटीत एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. वरंधा घाटातून पुणे-महाड गाडी बरीच वर्षं नेलेली. उताराचं प्रकरण मला त्यांनी समजावलं. "ताई, घाट ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरायचा. गाडी इंजिनाने धरायची, पायाने नाही." मोठ्या गाडीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि ती हवा इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर भरतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं की हवा भरणं थांबतं. प्रत्येक वेळी पाय दाबला की टाकीतली थोडी हवा संपते. त्यात न्यूट्रल, म्हणजे गाडीला धरून ठेवायला फक्त ब्रेकच, आणि लांब उतारावर तो सतत घासला की चाकाचा ड्रम एवढा तापतो की त्यावर घासणारं लायनर पकडायचंच सोडून देतं. पाय पूर्ण खाली जातो आणि गाडी चालतच राहते. पॉवर स्टिअरिंगही इंजिनसोबत गेलेलं असतं. "मग देवाचं नाव," काका म्हणाले.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने एक मसुदा काढला. नव्या बस आणि ट्रकना आपोआप लागणारा ब्रेक, लेन सोडल्याचा इशारा आणि ड्रायव्हरला डुलकी लागतेय का हे ओळखणारी यंत्रणा बसवायची, असा त्याचा गाभा. एडासमधली मला सर्वात हवी असलेली गोष्ट हीच आहे, कारण मोटारीतल्या माणसाच्या सोयीऐवजी रस्त्यावरच्या सगळ्यांच्या जिवाचा विचार यात आहे. एका ट्रकने चाळीस गाड्या चिरडण्यापेक्षा एका ट्रकचा कॅमेरा महाग नाही. पण त्या उतारावरच्या गाडीचं काय? रडारने नवले पुलावरची रांग ओळखली, संगणकाने ब्रेक मारायचा हुकूम दिला, आणि टाकीत हवाच नाही. हुकूम कुणाला दिला? यंत्राला ब्रेक लावता येतो, ब्रेक निर्माण करता येत नाही. इंजिनाने किंवा रिटार्डरने (ब्रेक न घासता वेग कमी करणाऱ्या यंत्राने) गाडी धरायची सवय, उतारापूर्वी सक्तीचा थांबा, डिझेलचा हिशोब ड्रायव्हरच्या पगारातून कापला जाणार नाही अशी मालकाशी बोली, हे सारं त्या कॅमेऱ्याच्या आधी यायला हवं. त्याची जाहिरात होत नाही, कारण त्याला बटण नाही.

गेल्या महिन्यात भाचा जेवायला आला होता तेव्हा काकाही आमच्याकडेच होते. त्याने उत्साहाने लॅपटॉप उघडून डुलकी ओळखणाऱ्या कॅमेऱ्याचा नमुना दाखवला. ड्रायव्हरच्या पापण्या किती वेळ मिटतायत ते मोजायचं, मान झुकली की सीट थरथरवायची, तरी नाही तर मोठा आवाज. काका चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. बेंगळुरूहून तीन दिवस सलग चालवत आलेल्या माणसाला तू पहाटे चार वाजता जागा केलास. मालाची वेळ सकाळी आठची आहे. आता त्याला झोपायला कुठे पाठवणार?"

भाच्याने लॅपटॉप मिटला आणि आमटीची वाटी पुढे केली. "काका, ते आमच्या डिपार्टमेंटला येत नाही."